भाड्याने आणलेला पूर

भाद्रपद लागला तरी नदीला पूर आला नव्हता, आणि अख्ख्या कंटियापाळ गावात या गोष्टीचं वाईट वाटणारा माणूस एकच होता. बांछानिधी स्वाईं. रोज सकाळी कडुनिंबाची काडी चघळत तो नदीच्या बांधावर जायचा, पाणी कालच्याच खुणेला टेकलंय हे बघायचा आणि घरातलं कुणी परीक्षेत नापास झाल्यासारखं तोंड करून परत यायचा.

बाकीचं गाव खुशीत होतं. गेली अकरा वर्षं पूर चुकला नव्हता. एका वर्षी तर तीन वेळा रोपं लावली आणि तिन्ही वेळा ती नदीखाली सडली. चौथ्यांदा लावायला ना रोपं उरली होती, ना कुणाची कंबर. यंदा मात्र केंद्रापड्याच्या बाजारातून परतणारा माणूससुद्धा सायकल थांबवून आपलं भात बघत उभा राहायचा.

बांछानिधी हा गावचा कृषकसाथी. म्हणजे शेतकऱ्यांच्या कानीकपाळी ओरडायला नेमलेला कंत्राटी माणूस. पाऊसपाणी बदललंय, त्याला तोंड देईल अशी शेती करा, असं त्याने ओरडायचं. गावाने मान डोलवायची आणि आपल्या आजोबांनी केलं तसंच करायचं, असा तीन वर्षांचा शिरस्ता होता. यंदा वरून नवं बी आलं होतं. हे भात बारा-चौदा दिवस पाण्याखाली बुडून राहिलं तरी मरत नाही, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. बांछाने ते नदीकाठच्या आपल्या खोलगट तुकड्यात लावलं. आणि ब्लॉकच्या कचेरीतल्या महांति साहेबांनी त्याला एकच गोष्ट बजावली: पुढच्या वर्षी हे बी लावायला तयार असलेले तीस शेतकरी, सह्यांनिशी, कुमार पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या, आत. तीस झाले तर कंत्राट पुढे चालू. नाही झाले तर जय जगन्नाथ.

भागवत टुंगीत, म्हणजे जिथे संध्याकाळी भागवत वाचतात आणि उरलेला दिवस गावाचा निकाल लावतात, तिथे बांछाने हे बी चार वेळा समजावून सांगितलं होतं. गोलककाका प्रत्येक वेळी पानाला चुना लावत शांतपणे ऐकून घ्यायचे. ते बांछाचे चुलत चुलते, त्याच्या तुकड्याला लागूनच त्यांचं शेत, आणि टुंगीतला शेवटचा शब्द त्यांचा.

"भात पाण्यात टिकतं, हे तू आम्हाला सांगतोस?" ते म्हणायचे. "रात्री पाण्यात घालतो, सकाळी पखाळ म्हणून खातो. माझ्या साठ वर्षांत एकदाही मेलेलं नाही."

टुंगी हसायची. बांछाही हसायचा, कारण न हसून जायचं कुठे?

आता बी पुरात टिकतं हे दाखवायचं, तर आधी पूर हवा. त्यात साहेबांचा फोन आला.

"पाणी आलं का रे?"

"नाही सर."

"नाही म्हणजे? दरवर्षी येतं ना तुमच्याकडे?"

"दरवर्षी येतं सर. यंदा नाही आलं."

"अरे, मला पंचवीस तारखेला फोटोवाला घेऊन यायचंय. पुरातून उठलेलं हिरवंगार भात, असा फोटो पाहिजे. गाडी ठरलीये."

"सर, नदीला मी कसं सांगणार?"

"ते तू बघ. बदलतं हवामान हा तुझा विषय आहे."

त्या दिवशी बांछाचं जेवणात लक्ष लागेना. कुमुद, त्याची बायको, पखाळावर बडी, म्हणजे उडदाचा सांडगा, कुस्करून घालत होती. तिने नवऱ्याचे दोन सुस्कारे ऐकून घेतले, तिसऱ्याला तिचा धीर सुटला.

"नदी येत नाही, तर तुम्ही जा की पाणी आणायला!"

बांछाचा घास हातातच राहिला. असं काहीबाही बोलून बायका मोकळ्या होतात आणि पुढचं सगळं नवऱ्याला करावं लागतं.

त्याचा तुकडा तीन बाजूंनी उंच होता, चौथ्या बाजूला गोलककाकांचं शेत. त्या चौथ्या बाजूचा बांध कंबरेइतका उंच केला की झाली कढई तयार. दोन मजूर घेऊन, कुमुदलाही चिखलात उतरवून त्याने तीन दिवसांत बांध घातला. मग गेला दुःशासनाकडे. दुःशासन बेहेरा हा गावातला सगळ्यात सज्जन माणूस, आणि डिझेलचा पंप त्याच्याकडेच होता.

"भाड्याने पाहिजे," बांछा म्हणाला.

"कशाला? यंदा पाणी काढायचंय कुठे?"

"काढायचं नाही. भरायचंय."

दुःशासनाने त्याच्याकडे नीट बघितलं, मग आत जाऊन बायकोला सांगून आला आणि पंपासोबत स्वतःही निघाला. असली गोष्ट चुकवून चालणार नव्हती.

पंप नाल्यावर लागला आणि धडधडायला लागला, तसं गाव जमलं. बांधावर बायका बसल्या, मुढीचे, म्हणजे मुरमुऱ्यांचे, द्रोण फिरले. गोलककाका छत्री घेऊन आले.

"आपले बापजादे पूर टळावा म्हणून गावदेवी ठाकुराणीला कोंबडे कापत आले," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "पूर भाड्याने आणणारा आपल्या घराण्यात हाच पहिला."

"काका, हा प्रयोग आहे."

"असेल बाबा. वेडाला हल्ली प्रयोग म्हणतात."

दोन दिवस चालून पंप खोकला, धूर सोडला आणि कायमचा गप्प झाला. भाताचे शेंडे अजून वीतभर वरच होते. बांछाने डोक्याला हात लावला. पण दुःशासनाचा आता जीव गुंतला होता. त्याला आठवलं की नाल्यापासून या तुकड्यापर्यंत जुना चर आहे, गवताने बुजलेला. दोघांनी कुदळ घेऊन तो मोकळा केला. नाला वरच्या अंगाला, शेत खाली. पाणी आपसूक धावत आलं. दुपारपर्यंत शेवटचा शेंडा बुडाला आणि बांछाच्या तुकड्याच्या जागी एक गढूळ, सपाट, अगदी खराखुरा वाटेल असा पूर दिसू लागला. बांछाने तारीख लिहून ठेवली. बारा दिवस मोजायचे होते.

पहिले दोन दिवस खेकड्यांशी झगडण्यात गेले. त्यांनी नव्या बांधात बिळं पाडली होती आणि बांछा चिखलाचे गोळे घेऊन ती बुजवत फिरत होता. तिसऱ्या दिवशी पदी मावशी बांबूचे तीन सापळे काखोटीला मारून आली.

"मावशी, हे काय?"

"मासे."

चर मोकळा झाला तेव्हा पाण्यासोबत नाल्यातले मासेही शेतात शिरले होते. मरळ होते, मागूर होते, आणि किनाऱ्याच्या उथळ पाण्यात बारक्या माशांची झुंबड उडाली होती.

"अगं पण माझ्या भातात पाय पडतील!"

मावशीने सापळे खाली ठेवले आणि कमरेवर हात ठेवले. "मला एवढंच सांग. हा पूर आहे, का तळं?"

प्रश्न साधा नव्हता. कंटियापाळमध्ये पुराचं पाणी कुणाच्याही शेतात शिरो, त्यातले मासे गावाचे. तळ्यातले मासे मालकाचे. यावर कधीही भांडण झालेलं नव्हतं, कारण पूर कुठला आणि तळं कुठलं हे आजवर कुणाला विचारायची पाळीच आली नव्हती. बांछा मनात हिशेब करू लागला. तळं म्हणावं, तर मासे वाचतात, भातही वाचतं. पण मग तळ्यात जगलेलं भात पुरात जगेल याला पुरावा काय? गाव उद्या तोंडावर विचारेल. आणि महिनाभर तर तो पूर, पूर म्हणूनच घसा कोरडा करत होता.

"पूर आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग बाजूला हो."

तासाभरात निम्मं गाव बांधावर. बांछाने हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं की पाण्यात कुणी उतरायचं नाही, सापळे बांधावरूनच लावायचे. गोलककाकांनी हा निवाडा मंजूर केला आणि स्वतःचा सगळ्यात मोठा सापळा आणवला. पण सापळ्यात मासा यायचा तर पाणी वाहतं हवं. काकांनी बांधाला, आपल्या शेताच्या बाजूने, चांगली हातभर खाच पाडली.

"काका, पाणी तुमच्या शेतात जाईल!"

"जाऊ दे की. माझ्या शेतात पाणी गेलेलं मला माहीत नाही होय?"

पाणी गेलं. पाण्याबरोबर मरळही गेले. काकांच्या शेताचा खालचा कोपरा भरला आणि त्यात बोटभर जाडीचे मासे उड्या मारताना दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी बांछा येऊन बघतो, तर काकांनी त्या कोपऱ्याभोवती स्वतःचा बांध घातलेला. आत कंबरभर पाणी, पाण्याखाली त्यांचं भात, पाण्यावर मासे आणि बांधावर स्वतः काका. पदी मावशी तिथे सापळे घेऊन आली, तर त्यांनी छत्री आडवी धरली.

"इथे नाही. हे माझं तळं आहे."

"काका, पाणी तर बांछाच्या पुराचंच आहे!"

"बांधाच्या पलीकडे पूर. अलीकडे तळं."

"वा! आणि हे ठरवलं कुणी?"

"टुंगीने," काका म्हणाले. टुंगीतला शेवटचा शब्द कुणाचा हे मावशीलाही ठाऊक होतं. ती पुटपुटत पुराकडे परत गेली.

बांछाला मात्र राहवेना. तो काकांच्या शेजारी उकिडवा बसला. "काका, तुमचं बी साधं आहे. पाणी काढा. पाच-सहा दिवसांत सडेल ते."

"तुझं बारा दिवस टिकणार आणि माझं सहा दिवसांत सडणार? माझं बी माझ्या आजोबांनी राखलेलं आहे. तुझं पाकिटातनं आलंय."

"म्हणूनच सांगतो. ते पाण्यात टिकावं म्हणून कुणी काही केलेलं नाही."

"अरे, मासे केवढे झालेत ते बघ!" काका म्हणाले आणि विषय संपला. पुढचे नऊ दिवस त्यांच्या घरी मोहरीच्या वाटणातले मासे शिजत राहिले आणि वास बांछाच्या घरापर्यंत येत राहिला. बांछाच्या स्वतःच्या घरी एकदाच मासा आला, तोही पदी मावशीने कीव येऊन दिलेला.

गळती बुजवत, खाच चिखलाने भरत, कुणीतरी ती पुन्हा पाडत, असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी बांछाने चर बंद केला आणि बांध फोडला. मासे संपल्यामुळे काकांनीही आपलं तळं सोडून दिलं. दोन्हीकडचं पाणी ओहोटलं आणि बांधावर उभं असलेलं गाव पुढे वाकून बघू लागलं.

काकांच्या कोपऱ्यातलं भात तपकिरी, लिबलिबीत, चिखलाला चिकटलेलं. बांछाचंही भात तपकिरी, लिबलिबीत, चिखलाला चिकटलेलं. कुणी डोळे बांधून फिरवलं असतं तर कुठलं कुणाचं हे वासावरूनही कळलं नसतं.

"बी मोठं न्यायी आहे हो," मागून कुणीतरी म्हणालं. "आपपरभाव नाही."

हशा झाला. काका हसले नाहीत. त्यांचाही कोपरा गेला होता. पण बांछाचं नुकसान आपल्याहून मोठं आहे हे लक्षात आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं आणि ते दुसऱ्या दिवशी बैल घेऊन मदतीला आले.

"चल, नांगरून टाकू. उडीद तरी लाव."

बांछा नांगरासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "काका, हात लावू नका. कागदावर लिहिलंय, पाणी गेल्यावर ते मेल्यासारखं दिसतं. आठ-दहा दिवस थांबायचं. मग उठतं."

"बाळ," काका प्रथमच मायेने बोलले, "माणूस गेला की आपणही बारा दिवस थांबतो. पण ते जेवायला. तो उठेल म्हणून नाही."

कुमुदने घरी काही विचारलं नाही, हेच बांछाला सगळ्यात लागलं. ती नुसती त्याच्या अंगावरचे वाळलेले चिखलाचे डाग बघत राहिली. कंत्राट गेलं तर पुढे काय, हे दोघांनाही कळत नव्हतं. त्याने साहेबांना फोन केला, चार दिवस उशिरा या म्हणून गयावया केली. साहेब म्हणाले, गाडी ठरलीये.

पंचवीस तारखेला गाडी आली. महांति साहेब उतरले, फोटोवाला उतरला. साहेबांनी चिखलाकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला.

"हे काय?"

"सर, हेच ते. जिवंत आहे."

"कुठून जिवंत आहे?"

"मुळातून सर. झोपलंय."

"मग झोपलेल्याचा फोटो मी वर पाठवू?"

साहेबांनी आजूबाजूला नजर फिरवली. वाटेच्या पलीकडे दुःशासनाचं शेत हिरवंगार, भरगच्च उभं होतं. साहेब तिकडे चालू लागले. दुःशासनाने भाबडेपणाने सांगितलं, "साहेब, हे साधंच बी आहे. आणि इथे पाणी आलेलंच नाही." साहेब म्हणाले, "फोटोत दिसत नाही ते." बांछाला भातात उभं केलं, हातात लोंब्या नसल्यामुळे नुसतीच पानं दिली आणि हसायला सांगितलं. अख्खं गाव बघत होतं. बांछा हसला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना साहेब गाडीतून म्हणाले, "फोटोचं मी बघितलं. तीस नावांचं तू बघ. पौर्णिमेच्या आधी येतो."

त्यानंतर बांछा टुंगीवरून जाईनासा झाला. मागच्या वाटेने शेतावर जायचा, बांधावर बसायचा, परत यायचा. पाणी काढल्याच्या नवव्या दिवशी तो असाच बसला असताना त्याला तपकिरी चिखलात काहीतरी हिरवं टोचल्यासारखं दिसलं. गवत असेल म्हणून तो उठला, चिखलात उतरला, गुडघ्यावर बसून बघू लागला. गवत नव्हतं. सडलेल्या पानांच्या मधोमध कोवळं पान सुईसारखं वर आलं होतं. एका बुडख्याला, शेजारच्या बुडख्याला, त्याच्या शेजारच्या. तो घराकडे पळत सुटला.

कुमुद पिठा, म्हणजे तांदळाचं पक्वान्न, करायला तांदूळ वाटत होती, ती पांढऱ्या हातांनी तशीच आली. तिने वाकून एका कोवळ्या पानाला बोट लावलं. मग म्हणाली, "त्या वर्षी आपण तीन वेळा लावलं होतं, तिन्ही वेळा सडलं. मी पोटुशी होते तेव्हा." बांछाने मान हलवली. तिला रडू आलं, आणि त्यालाही आलं, आणि लपवावं असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

आणखी आठवड्याभरात तुकडा हिरवा झाला. बांधाच्या पलीकडे गोलककाकांचा कोपरा होता, काळा, घाण वास मारणारा, एकही काडी न उठलेला. गाव येऊन बघून गेलं. एकेकाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आपली वाट धरली. बांछा वाट बघत राहिला. आता तरी टुंगीत कुणी बोलावेल, माझं नाव लिहून घे म्हणेल.

टुंगीने त्याला बोलावलं. काका मधोमध बसले होते, समोर कागद.

"बांछा, गावाने विचार केला," ते म्हणाले. "यंदा अख्ख्या पंचायतीत पूर आला नाही. आला तो फक्त तुझ्या शेतात. खरं का खोटं?"

"काका, तो मी आणला! तुम्ही छत्री घेऊन समोर उभे होता!"

"आणलास. पण आजवर कधी आणला नव्हतास. हे बी लावलंस आणि तुझ्या डोक्यात आलं. म्हणजे कुणी घातलं? बियाने घातलं. या बियाला पाणी लागतं, ते पाण्याला ओढून घेतं. शेजारी माझा कोपरा होता, त्यालाही ओढलं."

"खाच तुम्ही पाडली!"

"तेही त्यानेच पाडायला लावलं," काका निर्विकारपणे म्हणाले. "तेव्हा गावाचा अर्ज असा आहे. हे बी दरवर्षी फक्त बांछानिधीने, फक्त त्याच तुकड्यात लावावं, म्हणजे पूर तिथेच थांबेल आणि बाकीचं गाव सुखी राहील. इतर कुणालाही हे बी देऊ नये."

खाली तीस सह्या होत्या. काही सह्या, काही अंगठे. पहिली काकांची, दुसरी पदी मावशीची, आणि शेवटी, मान खाली घालून, दुःशासनाची. बांछाने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि घरी येऊन पाटावर बसून राहिला. तीन वर्षं ओरडून तीस सह्या मिळाल्या, त्या या!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टुंगी घोरत असताना, मागच्या दाराची कडी वाजली. गोलककाका होते. उन्हात छत्री न उघडता आले होते.

"चाळण न्यायला आलो," ते म्हणाले. चाळण नेली नाही. जरा घुटमळले. "तुझ्या त्या बियातलं कापणीनंतर थोडं ठेवशील का? माझ्या त्या कोपऱ्यापुरतं."

बांछा बघतच राहिला. "काका, पूर तर माझ्याच शेतात येणार ना?"

"येणार. त्यात वाद नाही. पण पूरच तो. वाट चुकला तर?" आणि मग आवाज खाली आणून, "नाव मात्र लिहू नकोस. टुंगीत मला तोंड दाखवायचंय."

संध्याकाळच्या आत पदी मावशी ताक मागायला आली आणि बी सांगून गेली. दुःशासन पंपाच्या नळीचं काहीतरी राहिलंय म्हणून आला. पुढच्या आठ दिवसांत बांछाच्या मागच्या दारी इतकी वर्दळ झाली की कुमुद म्हणाली, पुढचं दार लावून घेऊ या, त्याचा आता उपयोग काय? कुणी विळा परत करायला, कुणी न घेतलेला विळा परत करायला. प्रत्येकजण जाताना तेच म्हणायचा: नाव लिहू नको. बांछाने प्रत्येकाला जगन्नाथाची शपथ घेऊन शब्द दिला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नवरा-बायको आठवून आठवून एकेकाचं नाव घेत बसली, तेव्हा तिसाव्या नावावर दोघंही थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. अर्जावर होते तेच तीस जण. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"मग साहेबांना काय दाखवणार?" कुमुद म्हणाली.

"काय दाखवणार! शब्द दिलाय."

एवढ्यात बाहेर गाडी वाजली. बांछा हातातला अर्जाचा कागद तसाच घेऊन अंगणात आला. साहेब येता येता नदीकाठाने आले होते. बांछाचा तुकडा आता पोटरीत आलेला, वाऱ्यावर हलणारा. साहेबांच्या बुटांना चिखल होता, म्हणजे उतरून बघितलं होतं.

"यादी?"

"सर, माणसं तयार आहेत. तीस आहेत. पण नावं लिहायची नाहीत असं..."

"मग हे काय आहे?" साहेबांनी कागद ओढून घेतला, उघडला, थेट खालच्या बाजूला बोट फिरवत सह्या मोजल्या. "तीस! उगीच घाबरवतोस."

"सर, वर काय लिहिलंय ते आधी वाचा."

"वरचं सगळ्या अर्जांत सारखंच असतं." साहेबांनी पेन काढलं, शेवटच्या सहीखाली, दुःशासनाच्या नावालगत, जागा बघून झोकदार सही ठोकली, तारीख घातली. "झालं तुझं काम. कंत्राट पुढे चालू."

बांछाला हसावं का रडावं कळेना. कुमुदने दारातूनच हात जोडले. साहेब गाडीकडे गेले, दार उघडलं, ड्रायव्हरला म्हणाले, जरा पुढे जाऊन गाडी वळवून ठेव. गाडी पुढे गेली तशी ते परत फिरले आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. बांछा आतून धावत गेला.

"काय सर?"

"काही नाही. आमचं गाव तुमच्याही खाली, अगदी नदीच्या मुखाजवळ. भाऊ शेती करतो, दरवर्षी भात बुडतं." साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. "इतके दिवस बियासोबतचा कागद मी तुम्हाला नुसता वाचून दाखवायचो. आज प्रत्यक्ष बघितलं. त्याच्यापुरतं थोडं बी ठेव. पण नाव लिहू नकोस हं. खात्याचा माणूस मागच्या दाराने बी नेतो म्हणतील."

"नाही लिहीत सर," बांछा म्हणाला. "तुमची सही आहेच यादीत."